पॅड, कॅसिओ आणि लग्नसराई

होळी झाली की गडचांदूरहून जिवतीकडे चढणाऱ्या रस्त्यावर मांडवाचे बांबू, खुर्च्या आणि साउंडच्या पेट्या लादलेल्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. मृग लागेपर्यंत ती थांबत नाही. या गाड्यांत एखादी धुमालवाल्यांची असते: वर भोंगे, मागे जनरेटर, मधल्या फळीवर कॅसिओ आणि ऑक्टोपॅड. इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर चालू गाणी वाजवत उन्हाळाभर गावोगाव फिरणारा हा बँडच आहे. युरोपातला असा बँड उन्हाळ्यात एका महोत्सवातून दुसऱ्या महोत्सवात जातो, आपला एका मांडवातून दुसऱ्या मांडवात. वर्तमानपत्रात त्याचे नाव येते ते दोनच निमित्तांनी: आवाज फार झाला म्हणून, नाहीतर डीजेने त्याला संपवले म्हणून. दोन्हींत तथ्य आहे. पण या धंद्याचा खरा पेच वेगळा आहे. वर्षाची कमाई अडीच-तीन महिन्यांत करायची आणि त्या महिन्यांवर आपला काडीचाही ताबा नाही. पंचांग, पीकपाणी, पारा, डिझेलचा भाव आणि पोलीस ठाणे यांनीच काय ते ठरवायचे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या या वाजवणाऱ्यांचा आढावा त्या अंगाने घ्यायला हवा.

उन्हाळाच का?

इलेक्ट्रॉनिक संगीताचे भारतातले नावाजलेले महोत्सव हिवाळ्यातले आहेत. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर २००७ साली ‘सनबर्न’ सुरू झाला तो डिसेंबरअखेर. पुण्यात २०१० साली सुरू झालेला ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ही थंडीच्या तोंडावरचा. इंग्लंडमधला ग्लॅस्टनबरी जूनअखेर आणि बेल्जियममधला टुमॉरोलँड जुलैत भरतो, कारण तिकडे उघड्यावर रात्र काढण्याजोगे दिवस तेवढेच. आपल्याकडे तिकीट काढून मैदानात उभा राहणारा शहरी श्रोता मे महिन्यात घराबाहेर पडत नाही.

गावाचे मात्र उलटे आहे. कापूस विकून झालेला असतो, शेत रिकामे असते, शाळांना सुट्टी असते, पाहुणे मोकळे असतात आणि मांडवावर पाऊस पडायची भीती नसते. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागला की हिंदू लग्ने थांबतात आणि दिवाळीनंतर पुन्हा सुरू होतात. तेव्हाही बऱ्यापैकी लग्ने होतात, पण ऐन कापूस वेचणीत घर गुंतलेले असते. त्यामुळे मोठी लग्नसराई चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठातली. वाजवणाऱ्यालाही हेच सोयीचे. ऊन सोसवत नाही, पण पाऊस परवडतच नाही. कॅसिओत एकदा पाणी शिरले की हंगामाच्या मध्यावर दुसरा आणायचा कुठून?

लग्नांच्या जोडीला जयंत्या आणि यात्रा असतात. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा भरते, तिला नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून भाविकांचे जथे येतात. रामनवमी, हनुमान जयंती, १४ एप्रिलची भीमजयंती, अक्षय्य तृतीया आणि बुद्धपौर्णिमा असा ओळीने क्रम लागतो. १४ एप्रिलची सुपारी बऱ्याच ठिकाणी आधीच्या वर्षीच ठरलेली असते, कारण त्या दिवशी प्रत्येक गावाला वाजंत्री हवी असते आणि ती पुरी पडत नाही.

या वेळापत्रकात जंगलाचाही हात असतो. एप्रिलअखेरपासून तेंदूपत्त्याचा हंगाम चालतो. पहाटे सारे घर पाने तोडायला जाते आणि दुपारी पुडके बांधत बसते. ते दोन-तीन आठवडे लग्ने जरा मागेपुढे सरकतात. नंतर हातात रोकड आली की वरातीही वाढतात आणि फर्माइशीही. त्या आधी मोहफुलांचे दिवस असतात. गडचिरोलीकडे तारीख घ्यायला आलेल्या माणसाला पंचांगाइतकीच पत्त्याची फळी कधी सुरू होणार याची चौकशी करावी लागते.

पंचांगाचा फटका मात्र सगळ्यांत मोठा. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त होता, म्हणून ऐन हंगामात लग्नतिथींचा दुष्काळ पडला. २०१८ साली ज्येष्ठ अधिक आला होता आणि २०२६ मध्येही १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. अधिक महिन्यात लग्न लावत नाहीत, त्यामुळे एका फटक्यात महिना रिकामा. इथेच जिवतीसारख्या तालुक्याची गंमत कळते. बौद्ध लग्नाला मुहूर्ताची गरज नाही. गोंड आणि कोलाम आपल्या रीतीने तारीख धरतात. ज्याच्याकडे सगळ्या समाजांची गाणी आहेत त्याचा हंगाम पंचांग पूर्णपणे बुडवू शकत नाही.

हलगीपासून पॅडपर्यंत

आजचे धुमाल नीट समजायचे तर आधी काय होते ते पाहावे लागते. गावात वाजवणे हे जातीने ठरवून दिलेले काम होते. सनई, डफडे, हलगी ज्यांच्या गळ्यात बांधली त्यांनी ती मान म्हणून वाजवली असे नाही. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आणि लगोलग १६ तारखेला चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, धम्मदीक्षा झाली, आणि विदर्भातल्या अनेक गावांत नवदीक्षितांनी गावकीची ही वाजंत्री ठरवून सोडली. संगीत मात्र सोडले नाही. भीमगीते, कव्वालीचे सामने आणि जलसे यांनी नवा मंच उभा केला. वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकाने गावोगाव फिरून आपली गाणी लोकांच्या तोंडी बसवली. आज भीमजयंतीच्या मिरवणुकीत तरुण पोरे पॅडवर हात चालवतात ती कुणाच्या चाकरीत नव्हे. हा फरक लक्षात घेतला नाही तर त्या दिवशीचा आवाज नुसता गोंगाट वाटतो.

वाद्यांचा प्रवास मजेशीर आहे. महाराष्ट्रात ज्याला आपण बँजो म्हणतो तो अमेरिकी बँजो नव्हे. जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता याने १९१२ साली टायपरायटरसारखी बटणे लावून ‘ताइशोगोतो’ नावाचे तंतुवाद्य बनवले, त्याचा हा भारतीय अवतार. आधी तो ‘बुलबुलतरंग’ म्हणून घराघरांत आला, मग त्याला पिकअप लागला आणि मुंबई-कोकणात बँजो पार्ट्या उभ्या राहिल्या. विदर्भाने वेगळी वाट धरली. नागपूरकडे उर्साच्या संदल मिरवणुकींतून आणि वरातींतून धुमाल पुढे आला. पूर्वेला छत्तीसगडमध्ये दुर्ग, भिलाई, रायपूर इथेही धुमालचा मोठा बाजार आहे. गाण्याची चाल कॅसिओवर, ठेका ऑक्टोपॅडवर आणि त्याला खऱ्या ढोल-ताशांची जोड, अशी त्याची घडण.

ऑक्टोपॅड म्हणजे आठ रबरी चौकोनांची पाटी. रोलँड या जपानी कंपनीने ती १९८५ साली काढली. काठी मारली की ज्या चौकोनाला जो आवाज लावला असेल तो निघतो: ढोलकी, ताशा, बंदूक, काच फुटणे, काहीही. एकाच माणसाच्या हाताखाली आठ वाद्ये आली. ‘४०७’ टेम्पोही त्याच सुमारास, १९८६ मध्ये बाजारात आला आणि २००५ मध्ये ‘छोटा हत्ती’. या दोन गाड्यांचे नाव संगीताच्या इतिहासात कुणी घेत नाही, पण खेड्यातला बँड बैलगाडी आणि एसटीच्या टपावरून उतरून फिरत्या मंचावर चढला तो यांच्यामुळे.

लग्नात वाजवणारे आणि ‘खरे’ इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे यांच्यात आपण जी भिंत धरतो ती फारशी पक्की नाही. मुंबईचे चरणजित सिंग सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवत आणि लग्नसमारंभांतही. त्यांनी १९८२ मध्ये रोलँडची यंत्रे घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर बसवले. ती तबकडी तेव्हा कुणी फारशी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि शिकागोतल्या ‘अ‍ॅसिड हाउस’शी तिचे साम्य पाहून जाणकार चकित झाले. उतारवयात त्यांना युरोपातल्या मंचांवर बोलावणे आले.

एका गाडीवर पाच भाषा

जिवती तालुका माणिकगड पहाडावर वसलेला. मूळ वस्ती गोंड आणि कोलामांची, त्यांच्यात प्रधानही. नंतर मराठवाड्यातून, विशेषतः दुष्काळाच्या वर्षांत, मातंग, बंजारा, धनगर अशी कुटुंबे जमीन शोधत वर आली. सीमेवरच्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात, तिथे दोन्ही राज्यांच्या शाळा आणि दोन्हीकडची मतदानकेंद्रे असा प्रकार. त्यामुळे एकाच दिवशी एका गुड्यात गोंडी, दुसऱ्यात कोलामी गाणी, पुढच्या तांड्यावर बंजारा गाणी, खाली मराठवाड्याच्या वस्तीत अजय-अतुल आणि सीमेपलीकडे तेलंगणी ‘तीनमार’ ठेका असे वाजवावे लागते. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ ऐन लग्नसराईत प्रदर्शित झाला, तेव्हा मात्र पाचही भाषांच्या वरातींनी एकच गाणे मागितले.

पहाडावर वाजवणाऱ्याची परीक्षा धेमसात होते. गोंड आणि कोलामांचा हा फेराचा नाच, एकमेकांना धरून पावले टाकत गोल सरकायचे. त्याची लय सरळ चार ठोक्यांच्या सिनेमागाण्यासारखी नाही. ढोलाबरोबर पेपरे हे सनईसारखे वाद्य चालते आणि पावलाच्या झोकाबरोबर ठेका जरासा मागेपुढे होतो. यंत्रात भरलेला ठेका लावला तर फेर मोडतो, म्हाताऱ्या बायका हात सोडून बाजूला होतात. पॅडवाल्याला हाताने वाजवावे लागते, पायांकडे बघत. शेजारच्या आसिफाबाद जिल्ह्यातले मार्लवाईच्या कनकराजू यांना गुसाडी या गोंड नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. या परंपरेला राष्ट्रीय ओळख आहे ती अशी. पण ती ज्या मांडवात रोज नाचली जाते तिथे आता ढोलाशेजारी पॅड उभा असतो, आणि त्या जोडीवर फारसे कुणी लिहिलेले नाही. दोघांना एकत्र ऐकल्यावर लोककला ‘भ्रष्ट’ झाली असे म्हणणे सोपे आहे. पण पेपरे वाजवणारा म्हातारा कुठेही मिळेनासा झाला, तरी पॅडवर त्याचे सूर साठवणारे पोर आहे, हेही त्याच मांडवात दिसते.

दुपारची वरात

चंद्रपूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांच्या वर जाणे नित्याचे. लग्न बाराच्या आसपासचे असले तर वरात अकराला निघते. गाडीच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. पॅडचे रबर तापून काठी चिकटल्यासारखी वाटते. कॅसिओचा छोटा पडदा उन्हाने काळा पडतो, मग कुठला आवाज लागला आहे हे वाचता येत नाही, बोटांच्या सवयीने बटण दाबायचे. म्हणून कॅसिओवर ओले नाही, कोरडेच पांढरे फडके ताणतात. ओल्याने थंड होईल पण बटणांत पाणी जाईल. अ‍ॅम्प्लिफायर तापला की स्वतःच बंद पडतो, आणि नेमका नवरदेव घोड्यावरून उतरत असतानाच पडतो. जनरेटरवाल्या पोराचा एक डोळा डिझेलवर आणि दुसरा मीटरवर. विजेचा दाब चढला तर सगळी यंत्रे एकदम जातात.

आठ-दहा जणांत कामे ठरलेली असतात. कॅसिओवाला म्हणजे कप्तान. गाणे तो निवडतो, पण स्वतःच्या मनाने नाही. त्याची नजर नवरदेवाच्या मित्रांवर असते. नाच थंडावला की चाल तोडून दुसरी उचलायची, नोट उंचावली की फर्माइश ओळखायची, घराच्या मुलीला नाचायचे असेल तेव्हा पोरांना मागे सारणारे गाणे लावायचे. पाचशे मीटर अंतराला दोन तास लागतात. पुढे मामा वेळेवरून ओरडतो, मागे पोरे आणखी एक गाणे मागतात. डीजेचा पेनड्राइव्ह हे भांडण मिटवू शकत नाही. धुमाल अजून टिकून आहे त्याचे कारण हेच. डीजे गाणे लावतो, धुमाल गर्दीला उत्तर देते.

वडसा आणि बाकीचे

याच पट्ट्यात फिरत्या कलेचा एक व्यवस्थित बाजार आहे. झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र देसाईगंज, म्हणजे वडसा. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांपासून होळीपर्यंत तिचा हंगाम. वडशाच्या बाजारात नाटक मंडळांची कार्यालये थाटली जातात, गावकरी येऊन नाटक ठरवतात, इसार देतात, तारीख वहीत चढते. रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांत ऑर्गन, तबला आणि पॅड मंचाच्या समोर बसतात. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि झाडीपट्टीच्या नटाला देशाने ओळखले.

नाटकाचा हंगाम संपतो तिथे लग्नसराई लागते, त्यामुळे एकच वाजवणारा हिवाळ्यात नाटकात आणि उन्हाळ्यात वरातीत दिसणे स्वाभाविक. फरक असा की नाटकात त्याला वहीत नाव असते, वरातीत नसते. धुमालला वडशासारखी पेठ नाही. सुपारी फोनवर ठरते, इसार तोंडी असतो. लग्न मोडले, घरात सुतक आले किंवा नवऱ्याच्या भावाने ऐनवेळी डीजे आणला तर तारीख फुकट जाते. पहाडावरच्या सुपारीत घाटाचे डिझेल आणि परतीचा रिकामा फेरा धरायचा असतो, तो घासाघीस करताना कुणी धरत नाही.

आवाजाचा कायदा, कानांचा हिशेब

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा, आणि लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये हे नियम उचलून धरले. सणासमारंभांसाठी वर्षातले १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. त्यात जयंत्या बसतात, कुणाच्या घरचे लग्न बसत नाही.

नियम चांगले आहेत आणि रुग्णाचे घर वरातीच्या वाटेवर असेल तर आवाज कमी करायलाच हवा. पण अंमलबजावणी कशी होते? मोजणारे यंत्र गावात क्वचितच पोचते. तक्रार आली की गाडी थांबते, सामान जप्त होण्याची टांगती तलवार असते आणि त्या सौद्यात नियमाचा अर्थ रोज बदलतो. भिंतीएवढ्या पेट्या आणणाऱ्या डीजेला आणि दोन भोंग्यांच्या धुमालला एकाच मापाने दटावले जाते.

सगळ्यांत जास्त डेसिबल कुणाच्या वाट्याला येतात? वाजवणाऱ्यांच्या. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात. प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. भोंग्याखाली रोज दोन-दोन वराती वाजवणारा पॅडवाला कानात कापसाचा बोळाही घालत नाही, कारण मग फर्माइश ऐकू येत नाही. पन्नाशीत त्याच्याशी मोठ्याने बोलावे लागते. याला व्यवसायजन्य आजार म्हणून कुणी नोंदत नाही.

खात्यावर कुणाच्या?

करोनाने या धंद्याची निराधार बाजू उघडी पाडली. २०२० चा उन्हाळा टाळेबंदीत गेला. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने लग्नाला २५ माणसांची आणि दोन तासांची मर्यादा घातली, म्हणजे वरातच नाही. दोन हंगाम सलग गेले, आणि हंगामाबाहेर कमाई नसलेल्या धंद्यात दोन हंगाम म्हणजे दोन वर्षे. अनेकांनी यंत्रे विकली आणि त्यांच्या जागी कर्ज काढून पेट्या घेणारे डीजे आले. डीजेने धुमालला मारले असे म्हणताना हे मधले पान वगळले जाते.

सरकारदरबारी हा माणूस कोण? २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, शिंपी, अगदी मासेमारीची जाळी विणणाराही. वाजवणारा नाही. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधन योजनेत लोककलावंत बसतो, पण कॅसिओवाला लोककलावंत की ऑर्केस्ट्रावाला, यावर अर्ज अडतो. एका बाबतीत कायदा त्याच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार वरातीत आणि लग्नसमारंभात गाणी वाजवण्याला परवान्याची गरज नाही, आणि जुलै २०२३ मध्ये केंद्राने हे पुन्हा स्पष्ट केले. ही गोष्टही गावातल्या मंगल कार्यालयांपर्यंत पोचलेली नाही.

मग करायचे काय? वडशाकडून पहिला धडा घ्यावा. तालुक्याच्या ठिकाणी एक सामाईक वही, छापील करारपत्र आणि इसाराची पावती एवढे झाले तरी ऐनवेळी तारीख मोडणाऱ्याला जबाब द्यावा लागेल. असंघटित कामगार म्हणून ई-श्रमवर नोंदणी आणि यंत्रांचा गटविमा हे दुसरे पाऊल. परवानगी देताना पोलिसांनी गाडीवरच्या पेट्यांची संख्या आणि भोंग्यांची दिशा लिहून द्यावी, म्हणजे रस्त्यात सौदा उरणार नाही. गाडीवरच्या प्रत्येकाला कानात घालायचे साधे प्लग द्यावेत, मालकाने नाही तर कर्ज देणाऱ्या पतसंस्थेने अट म्हणून. सांस्कृतिक खात्याने महोत्सव भरवायचा असेल तर नागपुरातून कलाकार आणण्याआधी पहाडावरच्या धेमसा वाजवणाऱ्या पॅडवाल्याला मानधन देऊन बोलवावे.

डीजे जाणार नाही आणि धुमालही लगेच संपणार नाही. पुढच्या अधिक महिन्यात कोण टिकेल, हे यंत्र कुणाचे मोठे यावर ठरणार नाही. पाच भाषांच्या मांडवांत ज्याच्या तारखा पसरलेल्या आहेत आणि कागदावर लिहिलेल्या आहेत, तो टिकेल. तारखा पसरवण्याचे काम वाजवणारे आजही स्वतःच्या हिमतीवर करतात. त्या कागदावर आणण्याचे काम मात्र त्यांच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही, आणि तिथेच पंचायत समितीपासून सांस्कृतिक खात्यापर्यंत सगळ्यांनी आजवर हात आखडता घेतला आहे.